हौस नावाचं बेट

मुंबईची गाडी सकाळी मलकापूरला लागली तेव्हा फलाटावर फकीर मोहम्मद उभा होता. तो मला घ्यायला कधी स्टेशनवर आला नव्हता. त्या वेळी तो आपल्या जडीबुटीच्या दुकानाच्या फळ्या काढत असतो. मला वाटलं, बातमी ऐकायला त्याला राहवलं नसेल. मी डब्याच्या दारातूनच ओरडलो, "फकीरभाई, सापडलं! बेट सापडलं!"

त्यानं माझ्या हातातली पिशवी घेतली. दुसरा हात खांद्यावर ठेवला.

"इंद्रभान, घरी चाल. भाभी गेली."

"कुठी गेली?" मी विचारलं. "मेहकरले गेली काय?"

आमची मुलगी मंजुळा मेहकरला दिलेली आहे. कोकिळा मनात आलं की एसटीत बसून तिच्याकडे जायची. म्हणून मी तसं विचारलं. फकीरभाईनं खांद्यावरचा हात काढला नाही. तेव्हा मला कळलं.

आदल्या दिवशी दिवेलागणीला तिच्या छातीत कळ आली. माझी वहिनी गोजरबाई शेजारीच राहते, ती धावत आली. डॉक्टर पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी कोणत्या गाडीनं परतणार ते फकीरभाईला माहीत होतं, म्हणून तो पहाटेपासून फलाटावर बसून होता.

घरापर्यंत आम्ही चालत गेलो. माझ्या सदऱ्याच्या खिशात पत्र्याची एक लहान डबी होती. चालताना ती खुळखुळ वाजत होती. मी तिच्यावर हात दाबून धरला.

डबीत काय होतं ते सांगायचं तर बेटाचं सगळं सांगावं लागेल.

कोकिळेचे वडील किसनराव माळीकाम करायचे. इंग्रजांच्या वेळी मलकापुरात एका विलायती कापूस कंपनीचा बंगला होता. हंगामात तिथं एक ग्रीक साहेब येऊन राहायचा. त्याचं नाव लांबलचक होतं, गावानं त्याला पनाजी साहेब केलं. किसनराव त्याच्या बंगल्याची बाग पाहायचे. कोकिळा तेव्हा सात-आठ वर्षांची होती. बापाची भाकर घेऊन ती दुपारी बंगल्यावर जायची.

साहेब तिला खिशातून एक पिवळट पांढरा, काचेच्या मण्यासारखा खडा द्यायचा. दाताखाली धरला की आधी भुगा व्हायचा, जरा कडू लागायचा, मग मऊ होऊन तोंडभर गार वास सुटायचा. साहेबाला मोडकी हिंदी यायची. हा डिंक आहे, तो सांगायचा. माझ्या बेटावरचा. तिथली झाडं रडतात, त्यांची आसवं वाळून असे खडे होतात. बेटाचं नाव तो घशातून काढायचा. किसनरावांना ते 'हौस' ऐकू आलं. त्यांनी घरी येऊन तेच सांगितलं आणि त्या घरात ते बेट कायमचं हौस झालं.

कोकिळेनं साहेबाला विचारलं होतं, "त्या झाडाचं कोन मेलं?"

साहेबाला प्रश्न कळला नाही. तो हसला. किसनराव म्हणाले, "झाडाचं कोन मरते व, पोरी? झाडच हाय ते."

"मंग काऊन रडते?"

"चिरा मारतात त्याले म्हने."

"मंग त्याच्याकडे बसायले कोन जाते?"

आमच्याकडे मयत झाली की नात्यागोत्याची माणसं बसायला जातात. फार बोलत नाहीत. भिंतीला टेकून बसतात, पाणी पितात, उठतात. मग दुखवटा काढताना बाई असेल तर खण, बाप्या असेल तर टोपी देतात. म्हणजे आता रडणं पुरे, उद्यापासून माणसांत या. कोकिळेला लहानपणी एवढंच दिसत होतं की जो रडतो त्याच्याकडे कोणीतरी जातं. झाड मात्र वर्षानुवर्षं रडतंय आणि त्याच्याकडे कोणी गेलेलं नाही.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिनं मला हे सांगितलं. मी ऐकून घेतलं. लहानपणची गोष्ट आहे, सांगते, सांगू दे. माझं तेव्हा नुकतंच इंजिन दुरुस्तीचं दुकान लागलं होतं. विहिरीवर तेलाची इंजिनं बसायला लागली होती आणि हंगामात मला जेवायला सवड नसे. हौस नावाचं बेट खरं आहे की नाही, असा प्रश्नही माझ्या मनात आला नाही.

तो प्रश्न आला फकीरभाईच्या दुकानात. चार वर्षांपूर्वी कोकिळेचं पोट बिघडलं होतं. फकीरभाईनं एका बरणीतून चिमूटभर खडे काढून दिले. "रुमी मस्तकी हाय भाभी. दोन खडे चघळा, पोट शांत होते."

तिनं एक तोंडात टाकला आणि ती तशीच उभी राहिली. मला वाटलं चक्कर आली.

"हे तर पनाजी साहेबाचं," ती म्हणाली. मग फकीरभाईला म्हणाली, "कुठून आणता हे?"

"मुंबईहून येते."

"मुंबईले कुठून येते?"

"रुमहून येत असंल. नावच रुमी हाय."

"रुम कुठी हाय?"

फकीरभाईनं माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, भाभीले सांग, दुकानदाराले इतकं विचारत नसतात."

त्या दिवसापासून ते बेट खरं झालं. वस्तू इथं येते म्हणजे जागा कुठंतरी आहे, आणि जागा आहे तर तिथं जाता येतं. कोकिळेचा विचार असा सरळ चालायचा.

पुढं किसनराव वारले आणि त्यांच्या रस्त्यालगतच्या जमिनीचा कोकिळेचा वाटा एका पेट्रोल पंपवाल्यानं घेतला. हातात पैसे आले. नातेवाईक म्हणाले सोनं कर. ती म्हणाली, "सोनं घालून मी कुठी जाऊ? आपून हौसले जाऊ."

"अवो, परदेश हाय तो," मी म्हणालो. "विमानानं जावं लागते."

"मंग विमानानं जाऊ. लहानपनी मध्यप्रांतात होतो, मंग मुंबई राज्यात गेलो, आता महाराष्ट्रात हाओ. घरातून पाय नाई काढला आन् तीन राज्यं झाली. एकदा आपून हालून पाहू."

गोजरवहिनीला हे कळलं तेव्हा ती पाणी भरायचं सोडून आमच्या ओट्यावर येऊन बसली.

"ग्रीसले चालली म्हने तू?"

"हाव."

"काऊन व? भाऊजीच्या दुकानात डबे भरले हायेत ग्रीसचे. लाव की अंगाले."

"तसं नाई बाई. देश हाय तो."

"आन् तिथं काय हाय?"

"बेट हाय."

"बेट त आपल्या नाल्यावर बी हाय. बांबूचं."

वहिनीनं महिनाभर ही चेष्टा पुरवली. मी दुकानातून काळे हात घेऊन आलो की म्हणायची, "आले बाप्पा, ग्रीसहून आले." पण झाडाचं ऐकल्यावर तिनं चेष्टा सोडली. मग तिनंच खरी अडचण काढली. "बसायले जानार त रिकाम्या हातानं जानार काय? दुखवट्याचं काहीतरी लागन ना. पन झाड बाई हाय का बाप्या?"

"कोनाले माहीत."

"रडून राह्यलं म्हन्जे बाईच असंल."

"काऊन? बाप्ये रडत नाईत काय?"

"मी तरी नाई पाह्यला," वहिनी म्हणाली.

कोकिळेनं बाजारातून हिरवा खण आणला आणि पांढरी टोपीही आणली. जे असेल ते देऊ, दुसरं परत आणू. दोन्ही तिनं पेटीत घालून ठेवलं.

विमानाचं मात्र सोपं नव्हतं. मलकापुरात त्याची माहिती असलेला माणूस नव्हता. शाळेतल्या एका गुरुजींनी नकाशा काढून ग्रीस दाखवला. त्याच्याभोवती समुद्रात मोहरी सांडल्यासारखी बेटं होती. आम्ही दोघं वाकून पाहत राहिलो. गुरुजी एकेक नाव वाचत गेले. हौस त्यात नव्हतं. त्यांनी दोनदा वाचलं. "इंद्रभानभाऊ, नाव नक्की हेच आहे ना?" कोकिळा म्हणाली, "माह्या बापानं सांगितलं हाय." गुरुजींनी नकाशा गुंडाळून ठेवला.

मुंबईच्या एका तिकीट कचेरीला मी कार्ड टाकलं. तिथून उत्तर आलं की भाडं हंगामाप्रमाणे असतं. उन्हाळ्यात जास्त, थंडीत कमी. थेट विमान नाही, मध्ये उतरावं लागेल. पुढे अथेन्सहून बोट. सरकार परदेशात पैसे फार थोडे नेऊ देतं, तेव्हा खाण्याराहण्याचा विचार करून निघा. खाण्याचा विचार कोकिळेनं एका दुपारी मिटवला. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि पिठल्याचं पीठ. "चूल त असंल ना त्याह्यच्या घरी."

थंडीतलं भाडं आम्हाला झेपणारं होतं. उन्हाळ्यातलं झेपत नव्हतं. मी म्हणालो, थंडीत जाऊ. पण फकीरभाईनं त्याच्या मुंबईच्या व्यापाऱ्याकडून विचारून आणलं होतं की झाडाला चिरा श्रावण-भाद्रपदात मारतात. डिंक गळतो तो तेव्हाच. थंडीत झाड नुसतं उभं असतं.

"मंग श्रावणात जाऊ," कोकिळा म्हणाली.

"परवडत नाई ना पन."

"रडून झाल्यावर जाऊन काय करता? मयत झाल्यावर लोक सहा महिन्यानं येतात काय?"

तिचं म्हणणं बरोबर वाटायचं. कचेरीचं भाडंही बरोबर होतं. या दोन्हींच्या मध्ये आमची दोन वर्षं गेली. पण ती वाया गेली असं मला वाटत नाही, कारण आम्ही रोज निघत होतो.

पावसाळ्यात विहिरी भरलेल्या असतात, इंजिनं बंद असतात आणि दुकानात काम नसतं. जेवण झालं की आम्ही आतल्या खोलीत गार फरशीवर सतरंजी टाकून पडायचो. कोकिळा डोळे मिटून विचारायची, "आता कुठी आलो?"

मी म्हणायचो, "मुंबई सोडली. समुद्र लागला."

"खाली काय दिसते?"

"ढग."

"वरून कसे दिसतात?"

मी कुठं पाहिले होते? पण कापसाच्या जिनात रुई निघताना पाहिली होती. "सरकी काढून रुईचा ढीग लावते ना, तसे. जिकडंतिकडं रुई. तिच्यातूनच चाललो."

"धक्के बसतात काय?"

"रुईत कायचे धक्के?"

बाहेर कोणाची तरी बैलगाडी जायची, तिचा आवाज विमानाचा धरून आम्ही पुढं जायचो. कधी ती सांगायची आणि मी ऐकायचो. तिला पनाजी साहेबाच्या बंगल्याच्या भिंती आठवत होत्या, चुन्यानं पांढऱ्या केलेल्या, आणि निळी रंगवलेली दारं. ती म्हणायची, बेटावर सगळी घरं तशीच असणार, नाहीतर त्यानं इथं येऊन तसलं घर काऊन केलं असतं? उतरल्यावर वाट चढाची आहे, असं तिनं एकदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, चढ संपला, तेव्हा ती म्हणाली, "थांबा जरा, माह्या चपलीत खडा गेला." आणि खरंच पाय हलवला.

बोटीपर्यंत आम्ही खूपदा गेलो. बेट लांबून दिसायचं. पण झाडापर्यंत एकदाही पोचलो नाही. तोवर तिला झोप लागायची, किंवा मला, किंवा कोणीतरी पिस्टन घेऊन दारात उभा राहायचा. "इंद्रभानभाऊ, हाय काय घरी?" कोकिळा कपाळाला हात लावायची. "झालं. बोट बुडवली यानं."

यंदा श्रावणात इंजिनाचं सामान आणायला मला मुंबईला जायचं होतं. कोकिळा म्हणाली, "त्या कचेरीत जाऊन तोंडानं बोलून या. कागदावर काही कळत नाई. आन् नाव पक्कं करून या." पासपोर्टचे अर्ज आम्ही दोघांनी आधीच करून ठेवले होते. फकीरभाईनं त्याच्या व्यापाऱ्याचा पत्ता दिला आणि थोडी मस्तकी आणायला सांगितली.

तिकीट कचेरीत टेबलामागे एक मुलगी बसली होती. बोलायला चांगली होती.

"कुठं जायचंय, काका?"

"ग्रीसला. बेटावर."

"कुठल्या बेटावर?"

"हौस."

ती हसली. "हौस कळली हो. बेटाचं नाव काय?"

"तेच नाव आहे."

तिनं बिचारीनं दोन पुस्तकं उघडून पाहिली, मागच्या माणसाला विचारलं. हौस मिळालं नाही. मी उठलो. मशीद बंदरला फकीरभाईच्या व्यापाऱ्याकडं गेलो. गोदामात हिंग, ज्येष्ठमध, गोंद यांचा असा वास होता की डोळे जड व्हावेत. त्यानं मस्तकीची पत्र्याची डबी पुढं ठेवली. झाकणावर एका झाडाचं चित्र होतं, बुटकं, वाकडं, आंब्याच्या निम्मंही नाही. खाली इंग्रजी अक्षरं. मला ती लावून वाचता येतात. मी वाचलं, "चिओस."

"चिओस नाही," व्यापारी वजन करता करता म्हणाला. "लिहिताना च लिहितात. बोलताना ह. माल एवढ्या एकाच बेटावरून येतो. हिओस."

मी म्हणालो, "परत सांगा."

"हिओस."

मी तिथंच पोत्यावर बसलो आणि तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. हिओस. हिओस. घाईनं म्हटलं की हौस. किसनरावांनी काही चुकीचं ऐकलं नव्हतं. साहेबानं सांगितलं, त्यांनी ऐकलं, पोरीला दिलं. गुरुजींनी नकाशावर ते नाव दोनदा वाचलं होतं, आमच्या डोळ्यांसमोर. चिओस म्हणून. आणि आम्ही पुढं गेलो होतो.

मी परत कचेरीत गेलो. मुलीनं लगेच ओळखलं. "सापडलं का?" मी डबीच पुढं केली. तिनं पुस्तकात पाहून सगळं सांगितलं. मुंबईहून कुठं, तिथून अथेन्स, अथेन्सच्या बंदरातून रात्रीची बोट, सकाळी बेट. थंडीत गेलात तर आणखी स्वस्तातलं एक तिकीट आहे, चार माणसं मिळून घेतात, त्यात तुमच्या दोन जागा बसतील. उन्हाळ्यात मात्र नाही. मी म्हणालो, घरी विचारून सांगतो.

परतीच्या गाडीत मला झोप आली नाही. खिडकीतून बाहेर पाहत मी कोकिळेला कसं सांगायचं ते ठरवत होतो. आधी नाव सांगायचं नाही. डबी हातात द्यायची. झाडाचं चित्र पाहू द्यायचं. मग म्हणायचं, वाच. तिला इंग्रजी येत नाही, ती रागावेल. मग सांगायचं.

घरी पोचलो तेव्हा बायकांचं तिला न्हाऊ घालून झालं होतं. मंजुळा मेहकरहून आली होती, ती माझ्या गळ्यात पडली. आमच्याकडे शेवटी तोंडात तुळशीचं पान आणि सोन्याचा कण ठेवतात. ते ठेवून झालं होतं. मी खाली बसलो, खिशातली डबी उघडली आणि त्यातला एक खडा काढला.

"हे काय भाऊजी?" गोजरवहिनीनं विचारलं.

"तिच्या बेटाचं हाय," मी म्हणालो.

वहिनी सरकली आणि मला जागा दिली. मी खडा कोकिळेच्या ओठात ठेवला. नाव सांगायचं होतं, पण भोवती माणसं होती आणि कोणीतरी उचला म्हणालं.

मग तेरा दिवस लोक येत होते. चिखलीहून, मेहकरहून, खेड्यांवरून. ओळखीचे इंजिनवाले शेतकरी सगळे आले. भिंतीला टेकून बसायचे, पाणी प्यायचे. मी कोणाशी काय बोललो ते मला आठवत नाही. तेरव्याला टोप्या आल्या. एकावर एक ठेवल्या तर गुडघ्याएवढा ढीग झाला. चौदाव्या दिवशी सगळे आपापल्या कामाला गेले. ते बरोबरच आहे, कामं असतात. मंजुळाही गेली, तिची मुलं लहान आहेत.

खरं जड त्याच्यानंतर झालं. मी दुकान उघडायचो, हत्यारं पुसून ठेवायचो. दुपारी सतरंजी टाकायचो. डोळे मिटले की रुईचे ढग यायचे. कोणी विचारत नव्हतं म्हणून मीच विचारायचो, आता कुठं आलो? उत्तर द्यायलाही मीच. पांढरी घरं यायची, चढ यायचा. चपलीत खडा गेला म्हणून थांबणारं कोणी नव्हतं, तरी मी त्या जागेवर थांबायचो. एकदा थांबलो तो तिथंच उभा राहिलो, किती वेळ कोणास ठाऊक. जाग आली तर तोंडाखाली सतरंजी भिजलेली होती आणि दारात गोजरवहिनी उभी होती. ती वाटीतलं कालवण चुलीजवळ ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "भाऊजी, बाप्ये रडत नाईत असं मी बोलली होती. कोकिळा असती त मले लय बोलली असती."

त्या दिवसांत फकीरभाई येत होता. दुपारच्या नमाजानंतर दुकान मुलाकडं सोपवून यायचा आणि ओट्यावर बसायचा. तेरा दिवस सगळे येत असताना तो मागं भिंतीपाशी असायचा, माझ्या लक्षातही आला नव्हता. आता तो एकटाच होता. एकदा मी त्याला म्हणालो, "फकीरभाई, दुकान सोडून काऊन येता? झालं आता सगळं."

"झालं म्हनूनच येतो," तो म्हणाला. "आधी जागा कुठी होती बसायले?"

तो गेल्यावर मी बराच वेळ तेच धरून बसलो. श्रावण-भाद्रपदात त्या झाडापाशी माणसं असतात. चिरा मारणारी, गोळा करणारी, डबे भरणारी. थंडीत ते नुसतं उभं असतं. डिंक नाही, माणूस नाही. कोकिळेचं आणि माझं दोन वर्षं ज्यावर अडलं होतं ते मला आता उलटं दिसायला लागलं. तिला सांगितलं असतं तर ती भांडली असती. मग कदाचित म्हणाली असती, बरं, थंडीतच जाऊ, स्वस्तही पडते.

असंच एका दुपारी फकीरभाई ओट्यावर असताना पोलीस आला. नाव भगवंतराव, ओळखीचा, त्याच्या भावाच्या शेतातलं इंजिन मीच बसवलेलं. पासपोर्टची चौकशी होती.

"दोघांची हाय," तो कागद पाहून म्हणाला. "कोकिळाबाई कुठी हायेत? सही घ्या लागते."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो बाहेरगावच्या बदलीवरून नुकताच परत आला होता, त्याला माहीत नव्हतं. फकीरभाईनं हळूच सांगितलं. भगवंतरावानं टोपी काढली आणि तो ओट्यावर बसला. पाणी मागितलं. पिऊन झाल्यावर म्हणाला, "मंग हे दोन्ही रद्द करू काय?"

"एक ठेव," मी म्हणालो.

"जायचं काऊन हाय तिकडे? लिहावं लागते."

"बसायले जायचं हाय."

"कोनाकडे?"

"झाडाकडे."

त्यानं फकीरभाईकडं पाहिलं. फकीरभाई म्हणाला, "लिही. ओळखीचं हाय." भगवंतरावानं थोडा विचार केला आणि 'भेटीसाठी' असं लिहिलं.

पासपोर्ट आला. कचेरीतल्या मुलीला मी कळवलं, दोन जागा नकोत, एक पुरे. थंडीतलं स्वस्त तिकीट. हंगामात दुकान बंद ठेवावं लागेल, वहिनी त्यावरून बोलते आहे, पण धपाट्याचं पीठही तिनंच दळून ठेवलं आहे. धपाटे निघायच्या आदल्या दिवशी करणार म्हणते.

दुपारी मी अजून सतरंजी टाकतो. रुई येते, समुद्र येतो, बोट लागते. पांढऱ्या घरांच्या मधून वर जातो. आता नाव माहीत असल्यामुळं वाट विचारता येते. झाड दिसतं, डबीवरच्या चित्रासारखं, बुटकं आणि वाकडं. पण जवळ जायच्या आत मला जाग येते.

थंडी अजून पडायची आहे. खण आणि टोपी पेटीत आहेत. झाडाकडं बसायला जायचं राहिलं आहे.